कंपनीच्या काळातले चकमकीचे पिस्तूल: अस्सल कसे पारखावे आणि नक्कल कशी पकडावी

मुंबईच्या चोरबाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा एखाद्या वाड्यातले सामान विक्रीला निघते तेव्हा जे जुने पिस्तूल वारंवार समोर येते, ते ईस्ट इंडिया कंपनीच्या किंवा ब्रिटिश घोडदळाच्या धाटणीचे, पितळी जडावाचे, चकमकीवर चालणारे ठासणीचे पिस्तूल असते. नकलाही याच नमुन्याच्या मोठ्या संख्येने निघतात, कारण त्याचा आकार डोळ्यांत भरतो, त्यावरच्या खुणा इतिहासाची ग्वाही देतात आणि नवशिक्या संग्राहकाला त्या खुणा वाचल्या की समाधान वाटते. या लेखात मी मुद्दाम याच एका नमुन्याला धरून पारखण्याची पद्धत सांगणार आहे. ती नीट हाताखाली बसली की इतर पिस्तुलांनाही बऱ्याच अंशी लागू पडते.

लॉकवर, म्हणजे बार उडवणारी यंत्रणा ज्या पट्टीवर बसवलेली असते तिच्यावर, कोरलेला शिक्का हा पुरावा नसून केवळ दावा असतो, हे सुरुवातीलाच पक्के ध्यानात घ्यावे. तो दावा नळी, लाकूड, स्क्रू, झीज आणि गंज या सगळ्यांकडून स्वतंत्रपणे पडताळून घ्यावा लागतो. नक्कल करणारा एक खूण उत्तम उठवू शकतो; पण सगळ्या भागांची साक्ष एकमेकांशी जुळवून आणणे त्याला फार क्वचित साधते.

हात लावण्याआधी

ठासणीच्या जुन्या शस्त्रांत भरलेला बार तसाच राहून गेलेला असू शकतो, आणि काळी दारू कोरडी राहिली तर शंभर-दीडशे वर्षांनीही पेट घेऊ शकते. म्हणून पहिली तपासणी हीच. नळीच्या तोंडासमोर न येता, बाजूला उभे राहून, एक सरळ लाकडी काडी हलकेच आत सोडावी आणि ती टेकली की नळीच्या तोंडापाशी तिच्यावर पेन्सिलीने खूण करावी. मग काडी बाहेर काढून नळीच्या वरून तेवढ्याच लांबीची धरून पाहावी. तिचे टोक नळीच्या बाजूला असलेल्या बारीक छिद्रापर्यंत, म्हणजे कानापर्यंत, पोहोचायला हवे. ते दोन-चार सेंटीमीटर अलीकडेच थांबत असेल, तर आत बार आहे असे समजून चालावे, पिस्तूल खाली ठेवावे आणि ते रिकामे करण्याचा उद्योग स्वतः अजिबात करू नये. ते काम पोलीस दलातील शस्त्रांच्या जाणकाराचे आहे. काडी अर्ध्या वाटेतच घट्ट भिंतीवर आपटल्यासारखी थांबली, तर मात्र नळी पूर्ण कोरलेलीच नाही आणि वस्तू शोभेची आहे, अशीही शक्यता असते.

कायद्याची बाजूही व्यवहारापूर्वीच पाहावी. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ४५ मध्ये जुन्या पद्धतीच्या, पुरातन मूल्याच्या किंवा नादुरुस्त शस्त्रांना सूट आहे. पण ती केवळ अशा शस्त्रांना आहे, जी दुरुस्त करूनही किंवा न करताही बंदूक म्हणून वापरता येणार नाहीत. शस्त्र दोनशे वर्षांचे आहे म्हणून ते आपोआप परवान्याबाहेर जाते, हा समज चुकीचा आहे. आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्तांच्या आणि अन्यत्र जिल्हाधिकाऱ्यांच्या परवाना शाखेकडून लेखी उत्तर घ्यावे आणि ते कागद शस्त्राबरोबर जपून ठेवावेत. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम १९७२ नुसार शंभर वर्षे वा अधिक जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि तिची खासगी निर्यात करता येत नाही, त्यामुळे परदेशातल्या नातेवाइकाला असे पिस्तूल भेट म्हणून पाठवण्याचा विचार मनातून काढून टाकावा. लंडनमधल्या लिलावात खरेदी करणाऱ्या मराठी मंडळींसाठी तिथला कायदा वेगळा आहे. पण तीच वस्तू भारतात आणताना इथल्या सीमाशुल्काचे आणि शस्त्र परवान्याचे नियमच लागू होतात.

मोजपट्टी आधी, भिंग नंतर

लष्करी शस्त्र ठरलेल्या नमुन्याबरहुकूम बनवले जाई, म्हणून मापे खोटे बोलत नाहीत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ब्रिटिश हलक्या घोडदळाच्या पिस्तुलाची नळी ९ इंच, म्हणजे सुमारे २२९ मिलिमीटर, आणि तोंडाचा व्यास ०.६५ इंचाच्या आसपास, म्हणजे साधारण साडेसोळा मिलिमीटर असे. कंपनीची पिस्तुलेही बरीचशी याच अंगाने जात. आरमारी पिस्तुलाची लांब जात १२ इंची नळीची आणि ०.५६ इंच व्यासाची होती व तिच्या बाजूला कमरपट्ट्यात अडकवण्याचा आकडा असे. बाजारू नकलेत नळी बहुधा मिळेल त्या पाइपाची केलेली असते, त्यामुळे व्यास १२ किंवा १३ मिलिमीटर भरतो, भिंत गरजेपेक्षा जाड किंवा फारच पातळ निघते आणि हातात घेतल्यावर वजन तोंडाकडे ओढते. अस्सल पिस्तुलाची नळी मागे जाड आणि पुढे निमुळती असते. कॅलिपरने तीन ठिकाणी बाहेरचा व्यास मोजला की हा उतार लगेच कळतो.

अतिसजावट हाही एक इशारा आहे. शिपायाचे पिस्तूल साधे असे: अक्रोडाचा दस्ता, मुठीला पितळी बूड, चापाभोवती पितळी कमान, बार ठासण्याच्या गजासाठी एक-दोन पितळी नळकांडी. त्यावर हाडाचे तुकडे, पितळी तारेची वेलबुट्टी आणि खिळ्यांच्या ओळी दिसल्या, तर ती पर्यटकांसाठी बनवलेली वस्तू असण्याची शक्यता मोठी आहे. क्वचित साधे अस्सल पिस्तूल मागाहून असे नटवलेले असते आणि त्याने त्याची किंमत वाढत नाही, कमीच होते.

खुणा वाचणे

गारगोटी धरणारा घोडा, रंजकाची, म्हणजे पेटवणाच्या बारीक दारूची, वाटी, तिच्यावरचे पोलादी झाकण आणि स्प्रिंगा ज्या पट्टीवर बसवलेल्या असतात, त्या संचाला संग्राहक सरसकट लॉक म्हणतात. कंपनीच्या लॉकवर दोन मुख्य खुणा भेटतात. पहिली म्हणजे चार भागांत विभागलेले हृदय, ज्याच्या भागांत कंपनीच्या नावाची व्ही, ई, आय, सी ही आद्याक्षरे आणि वर चाराच्या आकड्यासारखे चिन्ह असते. दुसरी खूण म्हणजे मागच्या पायांवर उभा राहून पुढच्या पंजांत मुकुट धरलेला सिंह. १८०८ मध्ये हृदयाची जागा सिंहाने घेतली. म्हणून हृदयाखाली १८२५ असे साल दिसले किंवा सिंहाबरोबर १७९५ दिसले, तर तिथेच थांबून बाकीची तपासणी दुप्पट काळजीने करावी. कंपनीच्या अठराव्या शतकातल्या लॉकवर पुरवठादाराचे नाव आणि साल सापडते, ते स्वाभाविक आहे.

ब्रिटिश सरकारी लॉकचे गणित याहून वेगळे आहे आणि नकलाकार नेमके इथे फसतात. तिथे मुकुटाखाली राजाची जी आणि आर ही अक्षरे आणि शेपटाकडे, म्हणजे पट्टीच्या मागच्या टोकाला, टॉवर (लंडनमधले सरकारी शस्त्रागार) हा शब्द असतो. १७६४ नंतर सरकारी चकमकी लॉकवर कारागिराचे नाव आणि साल घालणे बंद झाले. साल पुन्हा दिसू लागते ते टोपीच्या, म्हणजे पर्कशन कॅपवर उडणाऱ्या शस्त्रांच्या काळात, १८४० च्या सुमारापासून पुढे. त्यामुळे बाजारात ढिगाने दिसणारे, चकमकीच्या लॉकवर टॉवर आणि १७८० किंवा १७९६ असे ठळक साल मिरवणारे पिस्तूल पाहून आनंदून जाऊ नये. राजांच्या आद्याक्षरांचेही वेळापत्रक पक्के आहे: जॉर्ज नावाचे चार राजे १७१४ ते १८३० पर्यंत, विल्यम १८३० ते १८३७ आणि त्यानंतर १९०१ पर्यंत व्हिक्टोरिया राणी. व्हिक्टोरियाच्या व्ही-आर या अक्षरांखाली १८१५ हे साल मी एकाहून अधिक वस्तूंवर पाहिले आहे.

नळीच्या मागच्या टोकाला, वर किंवा डाव्या अंगाला, चाचणीच्या, म्हणजे नळी दारूचा दाब सोसते हे तपासल्याच्या, खुणा असतात. लंडनच्या गनमेकर्स कंपनीची खूण म्हणजे मुकुटाखाली एकमेकांत गुंफलेली जी आणि पी ही अक्षरे, आणि सोबत मुकुटाखालचे व्ही. बर्मिंगहॅमचे चाचणीघर संसदेच्या कायद्याने १८१३ मध्ये उभे राहिले. तिथली खूण म्हणजे मुकुटासह एकमेकांवर तिरपे ठेवलेले दोन राजदंड आणि त्यांच्या कोनांत बी, पी, सी ही अक्षरे. ती १९०४ मध्ये बदलली. याच्याशी फार मिळतीजुळती, पण या अक्षरांविना असलेली राजदंडांची खूण सरकारी शस्त्रांवर आधीपासून होती, ही बारीक गोष्ट विसरू नये, नाहीतर अस्सल वस्तू नकली ठरेल. १७९० च्या दाव्याच्या पिस्तुलावर बी-पी-सी दिसले, तर एकतर नळी बदललेली आहे किंवा सगळेच बनावट आहे. आधुनिक इटालियन पुनर्निर्मितीवर पी आणि एन ही अक्षरे आणि सालाचा संकेत ठोकलेला असतो. विकणारे तो कानशीने घासून टाकतात, म्हणून नळीच्या खालच्या अंगाला, लाकडात झाकलेल्या भागात, घासल्याचा सपाट पट्टा किंवा उथळ खळगा दिसतो का ते पाहावे.

आता दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्यावे, कारण खूण कोणती यापेक्षा ती कशी उमटली हे अधिक बोलके असते. पोलादी ठसा हातोडीने ठोकला की धातू खाली दबतो, अक्षराच्या कडा तीक्ष्ण राहतात आणि भोवती धातूची पुसटशी उचललेली किनार जाणवते. पुढे शंभर वर्षांच्या हाताळणीत ती किनार झिजते, पण अक्षराचा तळ स्वच्छच राहतो. कोरणीने कोरलेल्या रेषेचा तळ इंग्रजी व्ही अक्षरासारखा असतो आणि वळणावर कोरणीचे छोटे झटके दिसतात. ओतीव नकलेत मात्र अक्षरांच्या कडा साबणासारख्या गोल असतात, तळ दाणेदार असतो आणि अक्षरांच्या आत बारीक हवेचे फुगे राहिलेले आढळतात. आम्लाने खोदलेल्या अक्षरांची खोली सगळीकडे सारखी आणि कडा कुरतडल्यासारख्या असतात.

यापुढची एक कसोटी मला सर्वांत भरवशाची वाटते. गंजाने पडलेले खड्डे आणि खूण यांत आधी कोण आले, ते शोधावे. खूण अस्सल असेल तर खड्डे तिच्या अक्षरांतून जातात, त्यांना तोडतात, एखादे टोक खाऊन टाकतात. खूण मागाहून ठोकलेली असेल तर खड्ड्याच्या काठावरही अक्षराची रेघ अखंड जाते आणि खड्ड्याचा काठ ठशाखाली चेपलेला दिसतो. टेबलावर खाली ठेवलेल्या टॉर्चचा तिरपा उजेड नळीवरून सरकवला की हा फरक नुसत्या डोळ्यांनीही कळतो. खरी जुनी साधी नळी आणि तिच्यावर मागाहून चढवलेले मोठे नाव, अशी फसवणूक यानेच उघडी पडते. मँटन, नॉक, वॉग्डन अशा नामांकित लंडनकर कारागिरांची नावे तर त्यांच्या हयातीतही दुसरे लोक ठोकत असत.

अधिकाऱ्यांच्या पिस्तुलांवर कधी चांदीचे जडाव असते आणि त्यावरचे हॉलमार्क हे सालाचे उत्तम साधन आहे, कारण इंग्लंडमध्ये दरवर्षी वेगळे अक्षर ठोकले जाई. १७८४ ते १८९० या काळात कराची पावती म्हणून राजाचे किंवा राणीचे मुखचित्रही उमटवत. चांदीचे साल आणि कारागिराच्या कारकिर्दीचे साल जुळले पाहिजे.

लॉक उघडून पाहणे

मालकाची परवानगी, खाचेत घट्ट बसणारा स्क्रू-ड्रायव्हर आणि घोडा अर्ध्यावर ठेवलेला, एवढे असेल तरच लॉक सोडवावे. बाहेरून उत्तम वठलेली नक्कल आतून उघडी पडते. अस्सल लॉकच्या आतल्या अंगाला कानशीच्या हाताने ओढलेल्या रेघा, स्प्रिंगेवर काळसर-निळी झाक, आणि एकाच संचाचे भाग ओळखण्यासाठी पाडलेल्या छोट्या खाचा किंवा टिंबे असतात. त्याच खाचा दोन-तीन भागांवर पुन्हा आढळल्या तर ते भाग जन्मापासून एकत्र आहेत, असे म्हणता येते. नकलेत यंत्राने ओढलेल्या समांतर वर्तुळाकार रेघा, वेल्डिंगचे थेंब आणि पातळ, मऊ स्प्रिंग मिळते. पोलादी झाकणाचा पुढचा चेहराही पाहावा. वापरलेल्या शस्त्रात त्यावर गारगोटीने ओढलेल्या उभ्या ओरखड्यांचा पट्टा असतो. तो चेहरा गुळगुळीत आणि कोरा असेल आणि धातू कानशीने सहज कापला जात असेल, तर त्यातून ठिणगी कधी पडलीच नसावी. अर्थात कानस लावण्याचा प्रयोग स्वतःच्या वस्तूवर आणि न दिसणाऱ्या जागी करावा.

स्क्रू हा सर्वांत प्रामाणिक साक्षीदार आहे. व्हिटवर्थ या इंग्रज अभियंत्याने स्क्रूच्या आट्यांचे प्रमाणीकरण सुचवले ते १८४१ मध्ये. त्याआधी प्रत्येक कारखान्याच्या आट्या आपापल्या मापाच्या होत्या, म्हणून खऱ्या जुन्या स्क्रूच्या आट्या किंचित असमान, टोक बोथट आणि डोक्यावरची खाच अरुंद व कधी मध्यापासून सरकलेली असते. बाजारात मिळणारा एम-४ किंवा एम-५ चा नट त्यावर सहज फिरला, तर तो स्क्रू तरी आधुनिक आहे. एखादा बदललेला स्क्रू दुरुस्तीचा असू शकतो. सगळेच स्क्रू तसे असतील तर दुसरे काही तपासण्याची गरज फारशी उरत नाही.

लाकडाबाबत घाई करू नये. भारतात दस्ता तुटला की शिसवीचा नवा बसवत, आणि अशी जुनी दुरुस्ती सन्मानाचीच आहे. पाहायचे ते हे, की लॉक बसवण्यासाठी कोरलेल्या खोबणीत छिन्नीचे तासकाम आहे की यंत्राने केलेले गोल कोपरे. आणि पितळी कमान सोडवल्यावर खाली काय दिसते. शतकभर धातूखाली झाकलेल्या लाकडावर पितळाच्या हिरवट मळाची आणि लोखंडाच्या काळ्या डागाची नेमकी आकृती उमटलेली असते. नव्या मालात काळसर रंग आणि पॉलिश एकसारखे धातूखालून स्क्रूच्या भोकातही उतरलेले असते. झीजही जागेवर असायला हवी: मुठीच्या पाठीवर, कमानीच्या पुढच्या वळणावर, घोड्याच्या अंगठ्याच्या टेकणीवर. कोपऱ्यातले आणि उघड्या भागातले पितळ सारखेच काळे असेल तर ते रसायनाचे काम आहे. आम्लाने आणलेला गंज नारिंगी, मोकळा आणि सर्वत्र सारखा असतो. जुन्या लोखंडावरचा रंग गडद तपकिरी, गुळगुळीत आणि बोटाला न लागणारा असतो.

पुन्हा चकमकीवर आणलेली पिस्तुले

१८३० ते १८५० च्या दरम्यान असंख्य चकमकी शस्त्रे टोपीवर आणली गेली. आज चकमकीच्या वस्तूला जास्त किंमत मिळते, म्हणून त्यांतली काही उलट फिरवून पुन्हा चकमकीची केली जातात. या प्रकारात नळी, दस्ता, शिक्के सगळे अस्सल असते आणि म्हणूनच तो ओळखायला कठीण जातो. घोडा, वाटी आणि झाकण यांच्या धातूचा पोत लॉकच्या पट्टीशी जुळतो का, पट्टीवर जुनी भोके बुजवल्याचे गोल डाग तिरप्या उजेडात दिसतात का आणि कानाभोवतीचा भाग दारूच्या ज्वाळेने खाल्ला आहे का, हे पाहावे. बाकीच्या नळीवर खड्डे आणि कानाभोवती मात्र नवाकोरा धातू असेल, तर तिथे नवा तुकडा बसवलेला आहे. असे पिस्तूल घेऊ नये असे नाही. पण ते तसे आहे हे पावतीवर लिहिलेले असावे आणि किंमत त्या हिशेबाने ठरावी.

देशी नक्कल आणि बाजारू नक्कल यांत गल्लत नको

महादजी शिंद्यांच्या पदरी द बॉयन या युरोपीय सेनानीच्या पलटणी उभ्या राहिल्या तेव्हा आग्र्याला सँगस्टर नावाच्या स्कॉटिश माणसाच्या देखरेखीखाली तोफा आणि बंदुका तयार होत. लखनौला क्लोद मार्तँ या फ्रेंच अधिकाऱ्याच्या देखरेखीखालीही शस्त्रे घडत. अनेक संस्थानांत युरोपीय नमुना समोर ठेवून स्थानिक लोहार लॉक घडवत आणि इंग्रजी अक्षरे न येता शिक्केही उठवत. त्यामुळे उलटे एन किंवा निरर्थक अक्षरे दिसली की लगेच वस्तू फेकून देऊ नये. खैबर खिंडीच्या परिसरात चुकीच्या अक्षरांच्या नकला आजही होतात, हे खरे. पण हाताने घडवलेली नळी, खरी झीज, जागेवरचा गंज आणि चालत्या वापराच्या खुणा असतील, तर ती अठराव्या-एकोणिसाव्या शतकातली देशी घडण असू शकते, आणि आपल्या इतिहासाच्या दृष्टीने मला ती कंपनीच्या ठोक मालाहून अधिक मोलाची वाटते. अशा वस्तू विलायती म्हणून विकल्या जातात आणि मग नकली म्हणून टाकल्या जातात, याचे फार वाईट वाटते.

विक्रेत्याची कथा शस्त्रापासून वेगळी ठेवावी. १८५७ चे नाव, टिपूचे नाव, झाशीचे नाव किंमत चढवते, म्हणून तिथे कागद मागावा: जुना परवाना, संस्थानाच्या सिलेखान्याची (शस्त्रागाराची) नोंद, लिलावाची छापील यादी, घरातले जुने छायाचित्र. कागद नसेल तर केवळ वस्तूची किंमत द्यावी. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आणि मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात अस्सल शस्त्रे निवांत पाहता येतात, आणि लीड्सच्या रॉयल आर्मरीजच्या ऑनलाइन संग्रहात मापांसह छायाचित्रे आहेत. खरेदीपूर्वी त्यांच्याशी ताडून पाहण्यात एक संध्याकाळ घालवावी.

व्यवहार ठरला की पावतीवर "जुने पिस्तूल" एवढेच लिहून घेऊ नये. नमुना, अंदाजे काळ, नळीची लांबी आणि व्यास, दिसणाऱ्या सर्व खुणा, बदललेले भाग, आणि वर्णन खोटे ठरल्यास ठरावीक मुदतीत पैसे परत, असे स्पष्ट शब्दांत लिहून विक्रेत्याची सही घ्यावी. घरी आणल्यावर ब्रासोने पितळ चकचकीत करू नये आणि नळी सँडपेपरने घासू नये, कारण आत्तापर्यंत ज्या गंजाने आणि मळाने साक्ष दिली तीच त्याने पुसली जाते. मऊ कापड, लोखंडाला हलका मेणाचा हात आणि पावसाळ्यात सिलिका जेलची पुडी एवढे पुरते. प्रत्येक खुणेचे छायाचित्र शेजारी मोजपट्टी ठेवून काढावे आणि परवाना शाखेच्या पत्राची प्रत त्याच फायलीत लावावी.